शेजारच्या घरावर चिंचोके

डॉक्टरांनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकून पाहिला आणि सरळ विचारलं, "ज्यांच्या घरात मनानं आजारी माणूस आहे, त्यांनी हात वर करा."

बेलवळीची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली होती. एरवी आमच्या ग्रामसभेला माणसं गोळा करता करता शिपायाचा घसा बसतो, पण डॉक्टर येणार म्हटल्यावर फुकटात एखादी गोळी, एखादं इंजेक्शन मिळेल या आशेनं निम्मं गाव आलं होतं. प्रश्न कानावर पडला आणि एकही हात वर गेला नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोकं खाजवायला हात उचलत होता, त्यानंही तो अर्ध्यातूनच खाली घेतला. मी व्यासपीठावर खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर असे दाबून धरले होते की बांगड्या मनगटात रुतल्या.

सरपंच उठले. डॉक्टरांच्या हातातून माईक जवळजवळ काढूनच घेतला. "सायेब, आमच्या गावात तसलं कायबी न्हाई. आमचं गाव तंटामुक्त हाय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. गावात मनोरुग्ण कोणीही नाही, असा ठराव ग्रामसेवकानं तिथल्या तिथं मांडला. त्याला मात्र सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचायत समितीची सदस्य होते. गावात मला मेंबरबाई म्हणत, सासरी रत्ना. बांधकाम, शिक्षण असल्या मानाच्या समित्या पुरुषांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. तालुक्याचा मानसिक आरोग्याचा आराखडा करायचं काम वरून आलं तेव्हा बैठकीत सगळे एकमेकांकडे बघून हसले आणि 'ताईंना द्या' म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या समितीचं नाव येड्यांची कमिटी पडलं. मी ते हसत ऐकून घेत असे. कारण ती समिती मला हवीच होती, आणि का हवी होती ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमच्या घरात आतल्या खोलीत जयसिंग पडून होते. माझे यजमान. अख्ख्या पंचक्रोशीच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. एके दिवशी कामावरून आले, हात धुतले, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि उठायचे बंदच झाले. काही झालं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं, नुकसान नव्हतं. काही झालेलं नव्हतं हेच अवघड होतं, कारण सांगायचं काय? मी चोरून त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडला. एकदा तर सकाळी उठून स्वतःहून चहा मागितला, त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले. पण दर महिन्याला मिरजेला जायचं तर दर वेळी नवी थाप कुठून आणायची? माझे थोरले दीर आप्पा, घरात त्यांचाच शब्द. त्यांच्या अश्विनीला निपाणीकडचं स्थळ आलं होतं. "लगीन ठरूस्तवर मिरज बंद. आणि त्याला भायेर दिसू देऊ नको," त्यांनी सांगितलं. गावाला सांगायला कारण तयार केलं: जयसिंगच्या मणक्यात गॅप पडलाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय.

आमच्याकडे मणक्यातल्या गॅपला फार मान आहे. कुणी पुढं प्रश्न विचारत नाही. पाण्याला गेले की बायका चौकशी करत, "भरला का गॅप?" आणि मी म्हणत असे, "भरतोय हळूहळू."

भरत काही नव्हता. लग्नाचं घोंगडं भिजत पडलं, गोळ्या संपल्या आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले. ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात मी ताट घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं, न्हाई?" अगदी शांतपणे. जणू मोटारीचा हिशोब करत होते. मी त्या दिवसापासून मागच्या परड्यातल्या विहिरीकडच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. झोप गेली. बसले तर उभं राहावंसं वाटे, उभी राहिले तर घरी जाऊन एकदा बघून यावंसं वाटे. समितीच्या बैठकीत कुणाचा फोन वाजला तरी मी उठून उभी राहत असे.

म्हणून मला तो दवाखाना हवा होता. वरून आलेल्या कागदात स्पष्ट होतं: तालुक्यात एका गावी आठवड्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतील, समुपदेशक असेल, गोळ्या तिथंच मिळतील. मात्र गरज कुठं आहे ते आराखड्यात दाखवायचं, गावागावांतून. येत्या सोमवारी आराखडा गेला नाही तर तो दवाखाना शेजारच्या तालुक्याला.

माझा बेत ठरलेला होता. दवाखाना आडूरवाडीला करायचा. ओढा ओलांडला की आडूरवाडी, चालत जाण्याजोगी. बेलवळीत नको, कारण बेलवळीत दवाखान्याच्या पायरीवर कोण चढलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आडूरवाडीच्या सरपंचांना भेटले तर ते म्हणाले, "दवाखाना लई चांगला. पण बेलवळीला करा. आमची माणसं येतील की वड्यापलीकडं." मी तिसऱ्या गावाला गेले, तिथंही तेच. सगळ्यांना दवाखाना हवा होता आणि तो शेजारच्या गावात हवा होता. मीही त्यांच्यातलीच, त्यामुळं कुणावर रागावता येईना.

ग्रामसभा झाल्यावर डॉक्टर मगदूम शाळेच्या वऱ्हांड्यात बिनसाखरेचा चहा घेऊन बसले. शिरोळकडचा तरुण मुलगा, अंगानं काटक, मोटारसायकलवरून धुळीनं माखून यायचा. चेहरा पडला होता. तीन गावांत विचारलं, तिन्ही गावांत एकही आजारी नाही, असं कुठं असतं का, म्हणाले. आराखड्यात काय लिहू?

मी वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होते. समोर नळावर बायकांची रांग होती. तिथं चाललेलं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा मुलगा रात्रभर उठून बसतो, कुणाची सासू एकटीच बडबडते. सगळं ऐकू येत होतं, फक्त त्यातलं स्वतःच्या घरचं काही नव्हतं.

मी थांबले. "डॉक्टर, तुमचा प्रश्नच चुकला."

"कसा?"

"आमच्याकडं आपल्या घरातलं कुणी सांगत नाही. मेलं तरी सांगत नाही. शेजारच्याचं विचारा. तेही न विचारता सांगतात."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. प्रशिक्षणात त्यांना एक पद्धत शिकवली होती, म्हणाले. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा आणि लोकांनी त्यावर बिया ठेवायच्या. पाण्याच्या कामात वापरतात, शौचालयाच्या कामात वापरतात. इथंही चालेल.

गुरुवारी दुपारी बचत गटाच्या बैठकीचं निमित्त करून आम्ही बायकांना बालवाडीत बोलावलं. पुरुषांना आत यायचं नाही म्हणून बजावलं, त्यामुळं ते बाहेर पारावरून माना उंच करत राहिले. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच माझ्याकडून गल्ल्या समजून घेतल्या होत्या. सगळ्या फरशीवर गाव काढलं: देऊळ, पार, डेअरी, वरची गल्ली, खालची गल्ली, घरांचे चौकोन. एकेकीनं दारात ओंजळभर चिंचोके घ्यायचे, आत जायचं आणि ज्या घरात कुणाला मनाचा त्रास आहे असं वाटतं तिथं ठेवून यायचं. नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. आपल्या घरावर ठेवायचं नाही. सगळं झालं की डॉक्टर प्रत्येक गल्लीचा अंदाज घेणार आणि रांगोळी पुसून टाकणार.

मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. कुणी डोकावायला नको म्हणून, असं मी सांगितलं. खरं म्हणजे आत जायचं मला धाडस नव्हतं.

पहिल्या बायका तोंडं पाडून आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. मग वेळ लागायला लागला. एक आत गेली ती येईचना. एकीनं दारातून हात बाहेर काढून आणखी चिंचोके मागितले. बाहेर येताना त्यांचे चेहरे वेगळे होते, डोईवरचा भारा उतरवून आल्यासारखे. माझ्याकडे बघून काही जणी हसल्या. काहींनी नजर चुकवली. आमच्या समोरच्या घरातली हिराक्का, सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत आत गेली आणि येताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मला ते आवडलं नाही. मी खुर्ची पुढं ओढली, मागं ओढली, कमरेची किल्ली चाचपली. घरी जाऊन येऊ का, असं दोनदा मनात आलं. मग तिथंच बसून राहिले.

शेवटची बाई गेल्यावर डॉक्टरांनी दार उघडलं. इतके दिवस पडलेला त्यांचा चेहरा उजळला होता. "ताई, आत या. आपला आराखडा झाला."

मी म्हटलं, "मला दाखवू नका. पुसून टाका."

"एकदा बघा तरी. मग पुसतो."

मी आत गेले. फरशीवर अख्खी बेलवळी पसरली होती आणि एकही गल्ली रिकामी नव्हती. सरपंचांच्या घरावर होते. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरांवर होते. डोकं न खाजवता हात खाली घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरावर होते. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. तंटामुक्त गाव सगळं ठिपक्यांनी भरलं होतं. मला हसू यायला लागलं. डॉक्टर भराभरा बोलत होते, दवाखाना इथंच हवा, दुसरीकडं कुठं नेण्यात अर्थ नाही, इतकी गरज तालुक्यात कुठं नसेल. मग ते खालच्या गल्लीत, देवळाच्या मागच्या बाजूला उकिडवे बसले.

"हे एक घर मला कळत नाही," ते म्हणाले. "बाकी सगळीकडं एक-दोन. इथं बघा, रास आहे. जवळजवळ प्रत्येकीनं इथं ठेवलंय. काय आहे या घरात? आधी इथंच जायला हवं. कुणाचं घर हे?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते माझ्या घरी कधी आले नव्हते, मी येऊ दिलं नव्हतं.

मला पहिल्यांदा राग आला. भयंकर राग. म्हणजे गॅप भरला का म्हणून विचारणाऱ्या सगळ्याजणी पाठीमागं पदर तोंडाला लावून हसत होत्या तर. मी रोज तीच थाप मारत होते आणि ती सगळ्या गावाला मुखपाठ होती. पायानं ती रास उडवून द्यावी असं वाटलं. रांगोळी पुसायचीच होती, मी पुसली असती तर डॉक्टरांना कळलंही नसतं. नुसतं 'आमच्या भावकीतलं आहे, बघते मी,' म्हटलं असतं तरी भागलं असतं. डॉक्टर मान वर करून माझ्याकडे बघत होते. परवा सगळ्या गावासमोर विचारलेला प्रश्न आता त्यांनी एकटीला विचारला होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

"माझं," मी म्हटलं.

ते उठले नाहीत. तिथंच बसून राहिले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मिरज, गोळ्या, ह्यांचं ते वाक्य, कमरेची किल्लीही.  शेवटी ते एवढंच म्हणाले, "सोमवारची वाट बघायची नाही. मी उद्या सकाळी येतो. आज रात्री त्यांना एकटं सोडू नका."

मी बाहेर आले तर हिराक्का पायरीवर बसलेली होती. मुद्दाम थांबली होती. मी तिच्या अंगावरच गेले. म्हटलं, एवढी मजा बघत होता तर सगळ्या मिळून?

हिराक्का चिडली नाही. "कसली मजा पोरी? बस हितं."

मी बसले नाही.

"तू गॅप म्हणलीस, आमीबी गॅप म्हटलं. तू मेंबरबाई, तुझ्या तोंडावर कसं बोलायचं? वाट बगत हुतो तू कवा म्हणतीस म्हणून." तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "त्यो माणूस असा एकटा पडून मरंल ह्याची आमाला काळजी न्हाई व्हय? माझा मिक्सर दोनदा बिघडला न्हवं, पाठवला हुता बग त्याच्याकडं? वायर मीच उपटली हुती. माणसाच्या हाताला काय तरी काम नगो?"

मला तो मिक्सर आठवला. पाटलांचा पंखा आठवला, डेअरीतला रेडिओ आठवला. तालुक्याला दुकानं असताना लोक मागच्या दारानं बिघडलेल्या वस्तू आणून देत आणि मी म्हणत असे, लोक चिकट आहेत, फुकटात करून घेतात. त्या वस्तू हातात आल्या की जयसिंग उठून बसत, एवढं मात्र खरं होतं.

"आन् एवढे चिंचोके?" मी विचारलं. 

"आमचं आमी रांगंत कानात सांगून ठरीवलं. आपल्या घरावर ठेवायचं न्हाई म्हणाला डॉक्टर, मग पयला मान तुज्या घराला. रास बघितली की डॉक्टर आदी तितं जाईल." ती काठीवर जोर देऊन उठली. "तुजं घर झालं की मग आमच्या नातवाचं बगू या."

तिच्या नातवाचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. समोरच्या घरात राहून माहीत नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष माझ्या दाराच्या कडीवर. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर रस्त्यात, पारावरच्या सगळ्या पुरुषांच्या देखत रडले.

दवाखाना बेलवळीत झाला. बालवाडीच्या मागच्या खोलीत, आणि आजही तिथंच आहे. आडूरवाडीची माणसं ओढा ओलांडून येतात. बेलवळीची पुढच्या दारानं येतात.

पण त्या दिवशी अजून घरी जायचं होतं. दिवेलागण होत होती. आप्पा सोप्यात तक्क्याला टेकून बसले होते. मला बघितल्या बघितल्या विचारलं, "ठरला न्हवं आडूरवाडीला?"

"नाही आप्पा. इथंच. आणि उद्या सकाळी डॉक्टर आपल्या घरी येणार आहेत. ह्यांना बघायला."

आप्पा ताठ झाले. आवाज चढवायची त्यांना सवय होती, पण आत ऐकू जाईल म्हणून ते दबक्या आवाजात ओरडले. निपाणीची माणसं परवा येणार, पोरीचं आयुष्य आहे, गावाला कळलं तर उद्या तोंड कुठं दाखवायचं, हे सगळं मी दोन वर्षं ऐकत आले होते. त्यांचं बोलून होईपर्यंत थांबले.

"गावाला ठाऊक आहे, आप्पा."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पहिल्यापासनं ठाऊक आहे. सगळ्यांना. निपाणीच्या पाहुण्यांची आत्या वरच्या गल्लीत दिलेली आहे, त्यांनाही असणार. असून ते येतायत."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले.  मला वाटलं होतं त्यांना राग येईल, निदान लाज वाटेल. पण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला त्यांची कीव आली. त्यांनीही माझ्याइतकंच दार धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जयसिंग येऊन उभे राहिले. स्वतःहून. केस विस्कटलेले, चौकटीला एक हात धरलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सगळ्यांना ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"हिराक्काला बी?"

"तिला तर सगळ्यांच्या आधी."

 मग त्यांनी आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. लहान मुलानं शाळेला सुट्टी आहे का म्हणून विचारावं तसं विचारलं, "मग आता मी पारावर जाऊन बसू?"

मी त्यांच्या चपला शोधायला धावले. सोप्यात बघितल्या, परड्यात बघितल्या, कणगीच्या मागं हात घातला. आप्पाही उठून शोधायला लागले. आम्ही त्या कुठं ठेवल्या होत्या, ते घरात कुणालाच आठवेना.